लांडग्याच्या बिळाचा फलक

(म्हसवडकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचा माळ. गावच्या जैवविविधता समितीची अध्यक्ष क्रांती, मेंढरं राखणारे तिचे सासरे नाथाजी आणि ग्रामसेवक शिवतेज भाऊसाहेब एका नव्या लोखंडी फलकापाशी उभे.)

क्रांती : ते मला काय बी सांगू नका, भाऊसाहेब. ह्यो फलक आज उपटायचा म्हंजे उपटायचा.

ग्रामसेवक : असा कसा उपटता येईल, ताई? ठराव करून लावलाय. काढायला परत ठराव लागणार, म्हणजे ग्रामसभा आली. त्यात सोमवारी जिल्ह्याची तपासणी. आपल्या समितीचं हे एकच काम डोळ्यांना दिसतं.

नाथाजी : दिसतंय की. पार रस्त्यावरनं दिसतंय. ‘लांडग्यांचे बीळ, संरक्षित क्षेत्र’. आन खाली ह्यो एवढा लालभडक बाण.

क्रांती : मुरूम उपसणारी मशीन घालतील म्हणून मीच बाण काढाय लावला. बीळ वाचावं, एवढंच डोक्यात हुतं.

ग्रामसेवक : आणि आबा, उद्घाटनाचा नारळ तुम्हीच फोडलात.

नाथाजी : फोडला. शाल बी घेतली अंगावर. मशीन न्हाई आलं, भाऊसाहेब, पोरं आली. कडेगावापास्नं, कुंडलपास्नं. मोबाईल घालत हुती बिळात. एकानं तर सुतळी बॉम्ब टाकला, पिल्लं भाईर यावीत म्हणून.

ग्रामसेवक : वनखात्याला कळवलंय मी.

क्रांती : कवा?

ग्रामसेवक : काल. माझ्याकडे चार गावं आहेत, ताई. एकटा माणूस कुठं कुठं पुरणार?

क्रांती : काल! लांडगी परवाच टिपरखाली गेली.

नाथाजी : पिल्लू तोंडात धरून पलीकडं चालली हुती. उन्हाच्या वक्ताला. लांडगी अशी दिवसाउजेडी रस्त्याला लागत न्हाई. बीळ सोडलं तिनं. आधीची पिल्लं नेऊन ठेवली, ह्ये शेवटचं हुतं. ते बी तिच्यासंगट गेलं.

ग्रामसेवक : वाईट झालं खरं. फक्त तपासणीत हा विषय काढू नका, हात जोडतो. सगळं समितीवर शेकेल. निघतो मी, पंचायत समितीत मीटिंग आहे.

क्रांती : जावा. तुमी जावा.

नाथाजी : गेला एकदाचा. चल, मेंढरं खोळंबल्याती.

क्रांती : मामा, बाकीची पिल्लं कुठं नेली तिनं?

नाथाजी : मला काय ठावं?

क्रांती : तुमास्नी ठावं हाय. सारी हयात ह्या माळावर गेली तुमची. वनखात्याची गाडी बोलावते आत्ता. पिंजऱ्यात का हुईना, जगतील तरी.

नाथाजी : आन मग? गाडीमागनं गाव यील. गावामागनं मोबाईल. नर अजून हिंडतोय, त्याला बी जगू द्याचे न्हाईत.

क्रांती : एवढा बी इस्वास न्हाई का माझ्यावर?

नाथाजी : आमच्यात बिळाकडं बोट करत न्हाईत, पोरी. कोकरू नेलं की माझा बा लांडग्याला आयाबहिणीवरनं शिव्या घालायचा, पर जागा कुणाला सांगितली न्हाई त्यानं. मला बी न्हाई. माझी मीच हुडकली. मी पाव्हण्याला सांगितली न्हाई, तुझ्या सासूला सांगितली न्हाई. तुला सांगितली.

क्रांती : लाज वाटतीया, मामा. जेवण जात न्हाई मला.

नाथाजी : का सांगितली ठावं हाय? म्हटलं, सून समितीची अध्यक्ष झालीया. आता सरकारच आपल्या घरात आलं. आता भ्यायचं कशाला?

क्रांती : समिती गेली खड्ड्यात. अध्यक्ष म्हणून न्हाई इचारत मी. सून म्हणून इचारते.

नाथाजी : तवा बी सून म्हणूनच इचारलं हुतंस.

क्रांती : ...डोळं बी धड उघडलं नसत्याल त्यांचं. दुधाबिगर किती दम काढत्याल? न्हाई सांगितलंसा तर तुमीच मारली म्हणीन. जलमभर म्हणीन.

नाथाजी : म्हण.

क्रांती : मामा, पाया पडते.

नाथाजी : ऊठ. चल, दावतो.

क्रांती : खरंच? थांबा, आधी गाडीला फोन लावते.

नाथाजी : गाडी नगं. पहाटं मेंढीचं दूध काढून घिऊन गेलतो म्या. लय येळ बसलो तितं. एकानं बी दुधाला तोंड लावलं न्हाई. आता कुणाला बी दावाया हरकत न्हाई.