आळशांची गाडी

मास्तर : आळशांची गाडी आहे ती. माझ्या शाळेत येणार नाही. विषय संपला.

मुलगी : संपला नाही, बाबा. बेकरीवाल्या ताईंचा सकाळी परत फोन आला होता. शिकेन तर ऑटोमॅटिकवर, म्हणाल्या. नाहीतर दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाते.

मास्तर : जाऊ दे की! कुणी दोरीनं बांधून ठेवलंय? हातीपायी धड असलेल्या बाईला गिअर टाकायचा कंटाळा. या लोकांना उद्या घासही कुणीतरी चावून द्यावा लागेल. डावा पाय काय देवानं शोभेला दिलाय?

मुलगी : कंटाळा आहे हे तुम्हाला कसं कळलं?

मास्तर : निम्म्या गावाला गाडी शिकवलीय मी. माणूस सीटवर टेकला की कळतो मला. ही बाई सुखासीन. काल काय केलं ठाऊक आहे ना? ऐन चौकात गाडी बंद पाडली. ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला. आणि आज म्हणे, ऑटोमॅटिक द्या! नाचता येईना अंगण वाकडं.

मुलगी : चौकात गाडी कुणी बंद पाडली?

मास्तर : आता काय सांगितलं मी? तिनं.

मुलगी : तिचा पाय क्लचवरून सुटला. शिकाऊ आहे, सुटणारच. म्हणून तर तुमच्या बाजूला दुसरा क्लच बसवलाय आपण. दुसरा ब्रेकही. तुम्ही त्यातलं काय दाबलंत?

मास्तर : ब्रेक दाबला. म्हणून तर जीव वाचला दोघांचा.

मुलगी : आणि क्लच?

मास्तर : तेवढा वेळ कुठे होता?

मुलगी : दोन्ही पाय एकदम जातात, वेळ लागत नाही. नुसता ब्रेक दाबला की गाडी आचका देते आणि बंद पडते. हे मला कुणी शिकवलं?

मास्तर : वा! कानामागून आली आणि तिखट झाली. ऑफिसची खुर्ची दिली तुला, तर बापाचीच परीक्षा घ्यायला निघालीस?

मुलगी : हो. घेणार आहे. म्हणून तर ताई यायच्या आधी तुम्हाला मैदानावर आणलंय. पट्टा लावा.

मास्तर : इंजिन बंद कर.

मुलगी : नाही करणार. पहिल्या गिअरवर आहे, सावकाश चाललेय. समोर तो लाल कोन दिसतोय? तिथे मी पेडलला पाय लावणार नाही. गाडी तुम्ही थांबवायची. बंद पडू न देता.

मास्तर : पोरखेळ पुरे झाला.

मुलगी : कोन आला, बाबा.

मास्तर : अगं ए, वेडी झालीस का—

मुलगी : दाबा!

(गाडी जोरात आचका देऊन बंद पडते.)

मुलगी : डावा पाय उचललाच गेला नाही तुमचा.

मास्तर : मला दाबायचाच नव्हता.

मुलगी : गुडघ्याखाली हात घातलात. हातानं उचलायला गेलात पाय. मी पाहिलं.

मास्तर : मुंग्या आल्यात. बसून बसून येतात. तुझ्या वयाला नाही कळायचं.

मुलगी : कधीपासून येतायत?

मास्तर : आत्ताच.

मुलगी : नाडीचे बूट सोडून हे नुसते पाय सरकवायचे बूट घातलेत, तेव्हापासून का? नाड्या बांधायला वेळ कुणाला आहे, असं म्हणाला होतात. दुसऱ्या कुणी घातले असते तर त्याची सालं काढली असती तुम्ही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

मास्तर : बुटांवर जाऊ नकोस.

मुलगी : बरं, जेवणावर जाते. तुम्ही जेवायला वर येत नाही. डबा खाली ऑफिसात मागवता. मला वाटलं, शाळा माझ्या हातात दिलीत म्हणून रुसलात. आईही तेच म्हणाली. खुर्ची सुटली की पुरुषाला घरचा घास गोड लागत नाही म्हणे. मी किती मनाला लावून घेतलं, माहीत आहे? डबा भरताना रोज मनात म्हणायचे, एवढा राग होता तर दिलीत कशाला शाळा?

मास्तर : राग नव्हता गं.

मुलगी : मग?

मास्तर : जिना चढवत नाही.

मुलगी : बाबा!

मास्तर : अर्ध्यावर आलो की पाय आपला वाटतच नाही. कुणी बघायच्या आत माघारी फिरायचो. रात्री सगळे झोपल्यावर कठड्याला धरून एकदा कसाबसा चढतो.

मुलगी : मग सांगायचं ना! माझ्याशी बोलायचं!

मास्तर : काय बोलू? गाडी शिकवणाऱ्याचा पाय गेला म्हणून? आयुष्यभर लोकांना काय काय बोललोय मी. आपला शेजारी पहिल्या मजल्यावर लिफ्टनं जातो, तर मी त्याला ‘महाराज’ म्हणतो. तोंडावर! तोही हसतो बिचारा. आता मी कुठल्या तोंडानं त्या लिफ्टमध्ये शिरू?

मुलगी : लोक हसतील याची एवढी भीती? आणि काल तो ट्रक थांबला नसता तर? ती बाई तुमच्या पायांच्या भरवशावर बसली होती. दोन लहान पोरं आहेत तिला घरी.

मास्तर : माहीत आहे मला! डोळ्याला डोळा लागला नाही माझा.

मुलगी : आणि सकाळी उठून तिलाच आळशी म्हणालात.

मास्तर : हो, म्हणालो. तिनं ऑटोमॅटिक मागितली आणि मला बरं वाटलं, खरं सांगतो. वाटलं, सगळं तिच्या माथी जातंय तर जाऊ दे. झालं समाधान?

मुलगी : नाही. तिनं ती का मागितली, हे अजून तुमच्या डोक्यात आलेलं नाही.

मास्तर : घाबरली असेल.

मुलगी : तिच्या बेकरीची व्हॅन कशी आहे?

मास्तर : कशी म्हणजे? जुनी आहे. मीच बघून घेतली तिच्यासाठी. गिअर जरा जड आहेत, पण—

मुलगी : गिअरची आहे ना? पाव पोचवणारा माणूस काम सोडून गेला, म्हणून बाई स्वतः शिकायला आल्या. दुसरी गाडी नाही त्यांच्याकडे. ऑटोमॅटिक शिकून त्या व्हॅन कशी चालवणार?

मास्तर : मग कशाला...

मुलगी : ऑटोमॅटिकला क्लच नसतो, बाबा. तुमच्या बाजूलाही नसतो. नुसता ब्रेक. तो उजव्या पायानं दाबता येतो.

मास्तर : तिनं पाहिलं?

मुलगी : चौकात. ट्रक अंगावर येत होता आणि तुम्ही गुडघ्याखाली हात घालत होतात. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलल्या. ‘मी नुसती सोडून गेले तर उद्या ते दुसऱ्या कुणाला घेऊन त्याच चौकात जातील,’ म्हणाल्या. ‘ऑटोमॅटिक आली तर त्यांची जागाही राहील आणि माणसंही सुखरूप राहतील. मला आळशी म्हणतील, म्हणू देत. माझं काय झिजतंय?’

मास्तर : आणि व्हॅन?

मुलगी : व्हॅनला दुसरा माणूस शोधणार होत्या.

मास्तर : मी तिला सुखासीन म्हणालो.

मुलगी : त्या आल्या बघा.

बेकरीवाली : आले हो, आले! भट्टीतून पाव काढता काढता उशीर झाला. मास्तर, रागावलात ना? रागवा, रागवा. काय करू, माझा स्वभावच मेला आळशी. गिअर म्हटलं की अंगावर काटा येतो बघा.

मास्तर : इकडे या, ताई. या खिडकीशी.

बेकरीवाली : अगंबाई, आवाज का असा?

मास्तर : खोटं फार छान बोलता तुम्ही. गिअर त्याहून छान टाकता. तिसऱ्यातून चौथ्यात नेताना आवाजसुद्धा येत नाही. कालची गाडी तुम्ही बंद पाडली नाहीत. मी पाडली.

बेकरीवाली : मॅडम! सांगितलंत ना शेवटी मास्तरांना? हात जोडले होते मी तुमच्यापुढे.

मुलगी : न सांगून कसं चाललं असतं?

बेकरीवाली : मास्तर, मला तुम्हाला कमीपणा आणायचा नव्हता हो. तुम्ही ओरडता, पण जीव लावून शिकवता. वाटलं, आपण थोडं वेड पांघरावं, म्हणजे निभेल.

मास्तर : तुम्ही पांघरलंत आणि मी वरून दगड मारले. माझं चुकलं, ताई. आता ते दार उघडा. आणि हात द्या जरा. नाही, असा नाही. नीट धरा. हां.

मुलगी : थांबा, मी येते.

मास्तर : तू माझ्या जागी बस. इथे दोन पाय लागतात. ताई, तुम्ही स्टिअरिंगवर. व्हॅन तुम्हीच चालवायची, माणूसबिणूस काही शोधायचा नाही.

बेकरीवाली : आणि तुम्ही?

मास्तर : मी मागे. महाराज बसतात तिथे.

मुलगी : इथून थेट डॉक्टरांकडे जायचं, बाबा. आजच.

मास्तर : जाऊ. तूच ने. आणि ती ऑटोमॅटिक बघून ठेव. डॉक्टर हो म्हणाले तर आणू. कुणासाठी आणली असं कुणी विचारलं, तर सांगायचं, मास्तरांसाठी.

मुलगी : शेजाऱ्यांनाही?

मास्तर : त्यांना मी सांगेन. लिफ्टमध्ये भेटतीलच. हं, ताई, आरसा बघितलात? क्लच पूर्ण दाबा. पहिला गिअर. आता पाय सावकाश सोडा, घाई नाही. असंच. बाहेर पडा आणि चौकातून घ्या.

बेकरीवाली : चौकातून? बरं. तुम्ही मागे नीट बसलात ना, मास्तर?

मास्तर : बसलो. इथे पाय लांब करता येतो.