रात्रीचा लोड

जळगावच्या एका बॅटरीच्या दुकानात मी इन्व्हर्टरचं पाणी घ्यायला उभा होतो. माझ्यापुढे यावलचे पितांबरभाऊ. त्यांना मोटारीमागे ओढायच्या कॅम्पिंग ट्रेलरवर सोलर बसवायचं होतं. गल्ल्यावर जिनेशशेठ.

“लोड सांगा, भाऊ.”

“दोन दिवे, मोबाइल, एक पंखा.”

“मग छोटी बॅटरी खूप झाली.”

“छोटी नको. पंखा रात्रभर चालतो.”

“झोपतं कोण त्यात?”

“कोणीच नाही. अजून सहलीला काढलाच नाही, अंगणात उभा आहे.”

“मग पंखा बंद ठेवा.”

“आम्ही बंदच ठेवतो.”

“वायरिंगमध्ये लीकेज असेल.”

“वायरमननं सगळं तपासलं. ट्रेलर जुना आहे, धुळ्याहून घेतला. विकणारा म्हणाला, बठ्ठं चांगलं शे, फक्त बॅटरी उतरू देऊ नका.”

“उतरली तर काय होतं?”

“परवा उतरली. पंखा थांबला. घरात आमची पोरगी झोपेतून उठून बसली आणि म्हातारीच्या आवाजात म्हणाली, ‘तिकडे फार उकडतंय, मी इथंच निजते.’”

“तुमच्या आईचा आवाज?”

“आईचा असता तर काय हवं होतं.”

“घरात कूलर लावा.”

“शेठ, मस्करी नको. पोरगी सात वर्षांची आहे.”

“मस्करी कसली? लोड काढतोय. पावसाळा धरायचा?”

“धरा ना. आभाळ आलं की पॅनल काय करणार?”

“मग मोठी बॅटरी देतो. तीन दिवस ऊन पडलं नाही, तरी पंखा फिरेल.”

“आणि चौथ्या दिवशी?”

“चौथ्या दिवसाची गॅरंटी कंपनी देत नाही, भाऊ.”