पांढऱ्या चॉकलेटच्या डब्यावर माझं तोंड

माझं माहेर दोडामार्गाकडचं, महाराष्ट्रातलं म्हणायचं, पण आमच्या बांधावरून गाय सुटली की ती गोव्यात जाऊन चरायची, एवढंच अंतर. घरात आंबे-फणस मोप, तेवा उन्हाळाभर साटां घालायची, म्हणजे रस आटवून आटवून ताटात पसरायचा आणि उन्हात वाळवायचा, त्याची पोळी होते. आईनं मला तेच शिकवलं, दुसरं काय शिकवणार, ती पण शाळेत गेलेली नाय. लग्न होऊन मी गोव्यात साखळीला आले ते गोवा राज्य झालं त्याच सुमाराला. तेवा भिंतींवर कोणी कोकणी म्हणून लिहायचं, कोणी मराठी म्हणून, आणि आमचा सासरा म्हणायचा, बाये, तूं रांदप कर, भाशेचें मागीर पळोवया, म्हणजे तू स्वयंपाक कर, भाषेचं मागाहून बघू. आमचे हे खाणीवर टिपर चालवायचे. घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत लाल, नाक शिंकरलं तरी लालच.

माझी धाकटी बहीण उमी. ती सात वर्षांची असताना आई गेली आणि मी तिला साखळीला आणली. तिच्या डोक्यातल्या उवा मी नखावर चिरडल्या, तिला कावीळ झाली तेवा तिची ओक मी ओंजळीत धरली, आणि काय सांगू तुम्हाला, मला एकदा पण शी वाटली नाय. हे मी मुद्दाम सांगते, नायतर तुम्ही म्हणाल ही बाई नाजूक, हिला सगळ्याचीच किळस येते. मी गोठा काढलाय, सासऱ्याचं शेवटचं सगळं अंथरुणात काढलंय. मला किळस येत नाय. ह्या एका गोष्टीची आली ती अजून जात नाय.

मगे खाणी बंद पडल्या. टिपर दारात उभा, त्याच्या चाकाखाली कोंबडी अंडी घालायला लागली. हे दिवसभर व्हरांड्यात बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. तेवा महिला मंडळाच्या हॉलात पणजीहून एक बाई चॉकलेट शिकवायला यायची म्हणून उमी मला ओढून घेऊन गेली. उमीचं लग्न झालेलं, ती डिचोलीला दिलेली, कॉलेज शिकलेली, इंग्लिश बोलणारी. त्या बाईनं पांढऱ्या चॉकलेटचा तुकडा प्रत्येकीच्या हातावर ठेवला. मी तोंडात घातला आणि, आता हसू नका, तान्हं मूल दूध पिऊन गुळणी टाकतं ना, तोच वास. टाळूला असं चिकटलं की जिभेनं खरवडायला लागलं. मी पदरात थुंकले. बाकीच्या सगळ्या छान छान म्हणत होत्या, उमी पण. मला वाटलं, ह्यात काही आंबट घातलं नाय तर माणसाला ओकारीच येईल.

पण हात माझे चालले. ती बाई म्हणायची, शेवंती, तुझे हात थंड, हे काम थंड हाताचं. गरम पाण्यावर पातेलं ठेवून ते चॉकलेट वितळवायचं आणि पाण्याचा एक थेंब जरी आत पडला तरी ते फुटतं, रव्यासारखं होतं, मगे टाकायचंच. म्हणून फळाचा रस तसाच घालून चालत नाय. बाकीच्या बायकांचं तिथंच बिघडायचं, आणि मला तर रस आटवायची जन्माची सवय, कुलेर, म्हणजे चमचा, उभी राहील इतका घट्ट करायचा, मगे तो गरम साय आणि चॉकलेटात घालायचा, थंड करायचा, आणि तळहातावर लिंबाएवढा गोळा वळायचा. मानकुराद आंब्याचे केले, फणसाचे केले, अननसाचे केले. भिंडांचा, म्हणजे कोकमाचा रस घातला तर साय नासायची, तर मी सोलं खडखडीत वाळवून त्यांची पूड केली आणि गोळा त्या पुडीत लोळवला. ते आंबट जिभेला लागलं की ती दुधाची गुळणी मागे सरायची. तेवा मी पहिल्यांदा एक अख्खा खाल्ला. उमी त्याला ट्रफल म्हणायची, आमच्या वाड्यावर सगळे धवे, म्हणजे पांढरे, लाडू म्हणायचे.

घरीच करायचे आम्ही. करणार मी, विकणार उमी. ती स्कूटरवर डबे बांधून किनाऱ्याकडच्या दुकानांत घेऊन जायची. एक दिवस ती फोटोवाल्याला घेऊन आली. म्हणते, ताई, डब्यार तुझो फोटो घालूया, लोकांका बरां दिसता. मी साडी नेसणारी बाई, मला तिनं कुणाचं तरी जुनं लुगडं नेसवलं, केसांत अबोली घातली, हातात पाटा-वरवंटा दिला. मी म्हटलं, पाट्यावर कोण चॉकलेट वाटतं गो? ती म्हणाली, तू फक्त हस. मी हसले. ते हसणं आता आठवलं तरी माझे दात आंबतात.

आता एक सांगते, ते मी बऱ्याच वर्षांनी तोंडातून काढते. एका पावसात दोन दिवस लाईट नव्हती. फ्रिजमध्ये शंभरेक लाडू भरलेले, त्यांना घाम सुटला, आंबूस वास आला. दुसऱ्या दिवशी ते एका हॉटेलात जायचे होते, लग्नाचे पाहुणे होते. मी म्हटलं टाकूया. उमी रडायला लागली, म्हणाली माझां नाव जाईत. तिचं रडणं मला लहानपणापासून बघवत नाय. मी ते सगळे परत पातेल्यात घातले, वरून नवीन चॉकलेट घातलं, आणि उमीनं बाटलीतला सेंट आणलेला, आंब्याचा, फरशी पुसायच्या औषधासारखा वास मारणारा, तो चार थेंब ओतला. परत वळले. मी एक पण चाखला नाय. हॉटेलवाल्यांनी सांगितलं, अगदी मस्त झालेले. कोणाला काही झालं नाय. मला त्या रात्री जेवण गेलं नाय, पण सकाळी मी परत कामाला लागले. हे मी केलं. माझ्या ह्याच थंड हातांनी केलं.

त्यानंतर उमी म्हणाली, ताई, तू दमतंस, मी डिचोलीक शेड घेतंय, चार बायका ठेवतंय, तू घरी थोडे कर. मला बरंच वाटलं. दोन वर्षं मी घरी थोडे थोडे केले, वाड्यावरचे लोक न्यायचे, चतुर्थीला, बारशाला. शेडमध्ये मला तिनं कधी बोलावलं नाय आणि मी पण गेले नाय. का गेले नाय, ते मला माहीत होतं बहुतेक.

एक दिवस दुपारी आमची शेजारीण माई डबा घेऊन आली. माई म्हणजे माझ्या सासूच्या वयाची, मला पहिल्या बाळंतपणात तिनं न्हाऊ घातलेलं. तिच्या नातीला कोणी तरी भेट दिलेला डबा. माईनं तो माझ्या मेजावर ठेवला, वर माझं तोंड, लुगड्यातलं. झाकण काढलं आणि एक लाडू सुरीनं मधोमध कापला. आत पिवळा फणस, आणि त्यात एक पांढरी अळी, जिवंत न्हय, शिजलेली, वाकडी होऊन पडलेली. माई म्हणाली, शेवंते, माझ्या नातीन अर्धो खाल्लो, मगे माका दाखवल्यान. ह्यां तू केलंस?

मी म्हटलं नाय. माईनं डब्यावरच्या माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मगे माझ्या तोंडाकडे. मला वाटलं माझ्या अंगावर कोणी तरी खरकटं ओतलं.

तशीच बस धरली आणि डिचोलीला गेले. शेडच्या दारातच वास आला. फणस कुजला की कसा गोड गोड मारतो ते आम्हाला माहीत, गुरं पण तोंड फिरवतात. आत निळं पिंप, रंगाचं असतं तसलं, त्यात फणसाचा रस, वर फेस आलेला, आणि तो फेस हलत होता. वाऱ्यानं हलत नव्हता, मी वाकून बघितलं. एक बाई झाऱ्यानं वरचं काढून बालदीत टाकत होती आणि खालचं कढईत घालत होती. भिंतीला पांढऱ्या ठोकळ्यांचे खोके, चॉकलेट न्हयच ते, डालडा आणि साखर. सेंटच्या बाटल्या रांगेत. आणि दुसऱ्या भिंतीला माझ्या तोंडाचे डबे, खालपासून वरपर्यंत, सगळीकडे मी हसतेय.

उमी आतून आली. ताई, तू हंय कशाक इलंस? म्हटलं, उमी, ह्यां काय गो? म्हणाली, फणसाचो रस. म्हटलं, ह्येका रस म्हणतंस? ह्येच्यात किडे आसत. आणि तिनं काय सांगावं मला, अगदी शांतपणे, हिशेब समजावतात तसं, म्हणाली, ताई, उकळल्यार मरतत.

मी मेजावरचा एक लाडू उचलला आणि तिच्या तोंडासमोर धरला. म्हटलं, खा. ती म्हणाली, काय नाटक करतंस, बायका बघतत. म्हटलं, बघूंदेत, तू एक खा माझ्यासमोर, मगे मी गप घरी जाते, परत विचारणार नाय. तिनं तोंड उघडलं नाय. मी तिला भरवलेलं आहे हो, कावीळीत, एक एक शीत, तेवा पण ती असे ओठ घट्ट मिटायची. मगे म्हणाली, माका गोड चलत नाय.

मी तोंड उघडलं शिवी द्यायला. त्याआधी तीच म्हणाली, आणि तुझे ते पावसातले? तेव्हा तुझ्या नाकाक वास नाय इलो? चार बायका ऐकत होत्या. ती पिंपावाली हसली. माझी शिवी माझ्याच पोटात परत गेली. येताना बसच्या जनेलातून मी ओकले, कंडक्टरनं विचारलं, बाये, बस लागली? मी म्हटलं होय.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, पावसातलं पण. इतकी वर्षं व्हरांड्यात बसलेला माणूस, उठला, मित्राची रिक्षा मागून आणली आणि म्हणाला, चल, तुझे डबे उचलूया. किनाऱ्याकडच्या दुकानांत फिरलो आम्ही. कोणी दिले, कोणी विकत घ्या म्हणाले, माझ्या कानातल्या कुड्या गेल्या त्यात, जाऊंदेत. एक दुकानदार हसत म्हणाला, बाये, तुजें तोंड बरें विकता, व्हरूं नाका, म्हणजे नेऊ नको. त्याच्या मेजावर मी थुंकायचीच बाकी राहिले. घराच्या मागे ह्यांनी खड्डा मारला, सगळं आत घातलं, वर चुना, वर माती.

मगे माईकडे गेले आणि खरं ते सांगितलं. अळीचे माझे न्हय, पण पावसातले माझे. माई पानाला चुना लावत होती. मगे म्हणाली, सांगलंस तां बरां केलंस, पण शेवंते, आता तुझ्या हातचां घेवक माका मन होवचां नाय. मला वाटलेलं खरं बोलल्यावर हलकं होईल. काही हलकं होत नाय. वाड्यावरचं कोणी परत लाडू मागायला आलं नाय, आणि मी पण परत ते पांढरं घरात आणलं नाय. दुकानात कोणी त्याचं वेष्टण फाडलं तरी मी बाहेर येऊन उभी राहते.

उमीनं शेड बंद केली असेल असं तुम्हाला वाटलं असेल. तिनं फक्त डबा बदलला. आता डब्यावर हळर्णची एक म्हातारी आहे, तेच लुगडं, तीच अबोली, तोच पाटा-वरवंटा. मी तिला शोधत पेडण्याच्या बसनं हळर्णला गेले. म्हातारी मायाळू, मला बघून खूश, बसायला पाट दिला, देवाच्या फोटोशेजारी तिनं डब्याचं झाकण लावलेलं. मी सांगायला सुरुवात केली तर तिचा मुलगा आतून आला आणि म्हणाला, डब्यावयलो तुमचो फोटो काढलो म्हणान जळतासात? आणि म्हातारीनं, काय सांगू तुम्हाला, बशीतून दोन लाडू आणले माझ्यापुढे, खा गो बाय, म्हणाली, माज्या नांवाचे. मी हात जोडले आणि उठले.

आता मी शाळेच्या जेवणाच्या कामाला जाते. सहा बायका आम्ही, पहाटे भाजी करतो, पाव मोजून भरतो. प्रत्येक टोपातलं आधी मी खाते, माझ्यासोबतच्या म्हणतात, शेवंती, तू वेडी झालीस, रोज चव काय बघायची, तीच वाटाण्याची भाजी. म्हणूंदेत. हे परत गाडी चालवतात, दुसऱ्याची, पाण्याचा टँकर. आमचं चाललंय.

उमी चतुर्थीला येते, गणपतीला नमस्कार करते, मी तिच्या कपाळाला कुंकू लावते, तिच्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवते. ती माझी बहीण, तिचं वाईट मी चिंतणार नाय. तिची पोरं शिकोत, तिचा घो सुखी राहो, देव तिचं बरं करो. पण ती मला दर वेळी विचारते, ताई, माझ्याकडे कधी येतंस जेवक, आणि मी म्हणते, येईन गो. तिच्या घरचं पाणी पण मी आता पीत नाय.