नऊ खटक्यांचे शॉकअप

...नाही, पण मला सांगा, चांगल्या वस्तूला खटका कशाला लागतो? हातोडीला असतो का? मग ट्रकच्या शॉकअपला घट्ट-सैल करायला नऊ खटके कशाला? म्हणजे आठ चुकीचे, एक बरोबर, आणि तो कुठला ते आपण शोधायचं, असंच ना?

तुम्हाला सांगतो, आम्ही कपाटांचे आरसे वाहतो, मी आणि माझे सासरे. जुने शॉकअप गेले, गाडी बोकडासारखी उड्या मारायला लागली, लागोपाठ दोन फेऱ्यांत आरसे तडकले, आणि कपाटवाला शांतपणे म्हणाला, "पुन्हा तडकला तर दुसरी गाडी बघतो." तो ओरडला असता तर मी घाबरलो नसतो. गेलो दुकानात. दुकानदार कसा, अगदी मधात बुडवलेला, "साहेब, माल भरला की घट्ट करा, गाडी रिकामी झाली की सैल करा, गाडी तुमचं ऐकेल." माझं? घरात कोणी ऐकत नाही, गाडी ऐकणार? साधे दाखवा म्हटलं, तर म्हणे, "साधेही आहेत, पण..." आणि ते 'पण' तसंच लोंबकळत ठेवून चहा मागवला. न मागता चहा आला की समजायचं, आपण कापले जाणार.

मिस्त्रीला विचारलं, तर तो गाडीखालूनच, "घ्या की, चांगले असतात." तोंड का दाखवत नाही हा? आणि सासरे कंबर धरून, "जावईबापू, घेऊन टाका, माझे मणके मोजता येतील आता." सगळे एकाच बाजूला... चांगल्या वस्तूला खटका कशाला लागतो, याचं उत्तर मात्र कोणी देईना.

घेतले. पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. रिकाम्या गाडीला सैल ठेवा म्हणाला ना दुकानदार? मी गुपचूप पार घट्ट केले, म्हटलं बघू त्याचं पितळ उघडं पडतं का. पहिल्याच खड्ड्यात सासऱ्यांचं डोकं छताला लागलं. मी निमूट उतरलो, गाडीखाली सरपटलो, खटके मागे फिरवले... पुढचा खड्डा कधी आला, कधी गेला, कळलंच नाही. म्हणजे दुकानदार खरं बोलत होता? एवढं खरं कोणी फुकट बोलतं का?

मग माल भरला, सांगितल्याप्रमाणे घट्ट केले. कपाटवाल्याने एकेक आरसा उन्हात धरून पाहिला, त्याला स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसलं नाही. काम हातचं गेलं नाही. पण मला विचाराल तर... गाडी आता इतकी अलगद चालते, की सासरे निघाल्यापासून पोचेपर्यंत मला गाडी कशी चालवायची ते सांगतात. पूर्वी खड्डा आला की वाक्य तरी तुटायचं.