यिकेच्या वाढदिवसाचा फोन

नाही हो, पैसे नकोत — जाहिरातीत फुकट लिहिलंय म्हणजे फुकटच, पण आमच्या लेवार्डनमध्ये फुकट म्हटलं की लोकांना आधी संशय येतो. बसा, कॉफी घ्या. बिस्किट एकच, डबा मी रीतीप्रमाणे बंद केलाय. तर हे इंग्रजी शब्दकोश, आणि ही उच्च शब्दसंपदेची पुस्तकं — परीक्षेला बसताय ना? मी कशाला शिकलो? जमीन-नोंदणीत आयुष्यभर कारकून, कामापुरतं इंग्रजी येत होतंच, आपल्याकडे कुणाला येत नाही — पण मुलगी यिके लग्न करून इंग्लंडला गेली, आणि नात टेसा, तिला आपली डच भाषा शून्य. मग रोज न्याहारीआधी नवे शब्द, रविवारी फोनवर ते खपवायचे — साधं ‘उशीर झाला’ म्हणायचं नाही, भारदस्त काहीतरी. यिके हसायची, म्हणायची, “बाबा, राजवाड्यातून बोलताय का?”

गेल्या हिवाळ्यात यिके गेली. शोकाचे सगळे शब्द मला येत होते, तिथे चर्चमध्ये म्हटलेही. लोक म्हणाले, किती सुंदर इंग्रजी.

मग मे महिना. वाढदिवसांचं कॅलेंडर आमचंही संडासातच, तुमच्याकडे असेल तसंच. सकाळी समोर नाव दिसलं — यिके. आपण काय करतो? वाढदिवस एकाचा, अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं, बायकोचा असला तर नवऱ्याचं. हात आपोआप फोनकडे गेला — आणि जावयाला, रूपर्टला, मी म्हणालो, “यिकेच्या वाढदिवसाबद्दल तुमचं अभिनंदन.” तेही नुकत्याच शिकलेल्या, सगळ्यात भारी शब्दात. मागून टेसा विचारत होती, कोण आहे. मग रूपर्ट म्हणाला, “थँक यू, मिस्टर हुक्स्त्रा.” इतकी वर्षं मी त्याचा योहान होतो. तेव्हापासून रविवारी टेसा आंघोळ करत असते, नाहीतर झोपलेली असते. इंग्रज माणूस — शिवी दिली असती तर बरं, त्याही शिकलोय मी.

समजावलं का नाही? काय समजावू — आमच्यात अशी पद्धत आहे, मेलेल्यांच्या वाढदिवसालाही अभिनंदन करतो? करत नाही ना आपण.

गुरुवारी टेसाचा वाढदिवस. फोन करणार आहे. त्यानं तिला दिला, तर सात वर्षांच्या मुलीला पुरतील एवढे शब्द अजून आहेत — ते या पुस्तकांत नव्हतेच.

न्या सगळी. संडास? डावीकडे. ते नाव खोडलेलं नाही अजून, पेन घेऊन आत कोण जातं. जाताना दार ओढून घ्या.