हातातलं सामान, एक मडकं

शनिवार, १७ जानेवारी. पहाटे दाट धुकं, नऊनंतर कोरडं ऊन. वारा नाही.

— अहो नाही, बसा ताई, बसा, तुम्हाला जागा नको म्हणून नाही ओढली बॅग, मडक्याला धक्का नको म्हणून ओढली. हो, मडकं. या बॅगेत मडकंच आहे, दुसरं काही नाही. कपडे मी अंगात घातलेत — दोन शर्ट, वर स्वेटर, त्यावर जाकीट — हसा, हसा, धुकं होतं तोवर कुणाला कळत नव्हतं, आता ऊन पडलं आणि मी इथे काचेमागे वाफलतोय. पण करणार काय? हातातलं सामान सात किलो. अंगावरचं कुणी वजन करत नाही. ते समोरचे गृहस्थ बघा — हळू बघा — त्यांचं पोट त्या बॅगा मापायच्या लोखंडी साच्यात बसेल? नाही बसणार. पण ते आत जाणार, ताठ मानेनं, वरून खिडकीची जागा. आणि माझ्या मडक्याचं पोट मोठं म्हणून ते बाहेर. नियम म्हणजे नियम!

आणि मी नियम वाचणारा माणूस आहे बरं का. मोर्च्यात घोषणा द्यायला पुढे असायचो, पण आदल्या दिवशी सरकारी आदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून. तिकीट आलं, त्याच्याखाली नियम आला — लांबी पंचावन्न, रुंदी पस्तीस, जाडी पंचवीस. टेप घेतली, मडकं मोजलं. उंची बसली. तोंड बसलं. बॅग आणली खांदा कॉलनीतून, आमच्या घराखालच्याच दुकानातून, तो म्हणाला, केबिन साइज आहे काका, डोळे मिटून जा. आलो डोळे मिटून. पोट मोजायचंच राहिलं. का राहिलं? कारण आमच्याकडे मडकं घेताना तोंड बघतात — हात आत गेला पाहिजे, शेंगा भरता आल्या पाहिजेत — पोट कोण मोजतो? जेवढं मोठं तेवढं चांगलं. बायको रमा म्हणाली होती, बॅगेची चेन लागत नाहीये, तर मी म्हटलं, तुला विमानातलं काय कळतं? मला कुठे कळत होतं? पहिल्यांदाच बसतोय.

आणि गंमत म्हणजे, पोट मोजलं असतं तरी उपयोग नव्हता. ते माप मोठ्या विमानाचं! खाली बारीक अक्षरात — मी ते इथे येऊन वाचलं — की विमान लहान असेल तर डोक्यावरचे कप्पेही लहान, तेव्हा बॅग शिडीपाशी काढून घेतील आणि खाली सामानात टाकतील. नांदेडला जाणारं विमान लहान आहे. दोन इकडे, दोन तिकडे, मधे बोळ. म्हणजे तिकीट काढताना विमान, सामान ठेवताना रिक्षा.

तपासणीला तर मजाच. मडकं त्या पट्ट्यावरून आत गेलं, पडद्यावर गोल काहीतरी दिसलं, तो जवान खुर्चीतून उठला. ये क्या है? मटका. अंदर क्या है? सेम की फली. और ये पत्ते? भांबुर्डा. वो क्या होता है? आता भांबुर्ड्याला हिंदीत काय म्हणतात? म्हटलं, साहब, वो भांबुर्डाही होता है. और ये सफेद पावडर? नमक. मोटा वाला. त्यानं चाखलं नाही, पण वास घेतला, ओव्याचा वास आला, म्हणाला, खाने का है? म्हटलं, अभी नहीं, जलाने के बाद. जलाने के बाद म्हणालो, तिथे चुकलं. अर्धा तास गेला माझा.

वजन जास्त भरलं ते वेगळंच. मग शेंगा काढल्या निम्म्या. या खुर्चीवर आहेत बघा, वालाच्या, कोवळ्या — घ्या ना, पर्समध्ये टाका, तुमच्या सात किलोत जागा असेल. त्या समोरच्या गृहस्थांनाही दिल्या. नको म्हणाले नाहीत.

पोपटी ठाऊक नाही तुम्हाला? तुम्ही नांदेडच्या का? बरं, सुनेकडे आला होतात खारघरला. मग तिनं नाही खायला घातली? जाऊ दे. थंडीत करतात आमच्याकडे. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, कुणी अंडी घालतं, कुणी कोंबडी. तोंडात परत पाला कोंबायचा. पाण्याचा थेंब नाही. आणि मडकं शेतात उलटं ठेवायचं — तोंड खाली, बूड वर — भोवती पेंढा, गोवऱ्या, आणि पेटवायचं. बुडावर पाण्याचा हात मारला की चर्र करतं, तो चर्र कसा येतो त्यावरून आय सांगायची, झाली का नाही. आमची आई. आम्ही आयच म्हणायचो. गावातल्या सगळ्या पोपट्यांची बुडं तीच तपासायची. गेल्या श्रावणात गेली.

गाव कुठलं? इथलंच. म्हणजे हेच. नाही, या खुर्चीखाली आमचं शेत होतं असं मी म्हणणार नाही. लोक सांगतात, त्या खांबाखाली माझी विहीर, त्या दुकानाखाली माझा गोठा — थापा! विमानतळासाठी डोंगर कापला, नदी वळवली, खूण कुठली राहिली? इथे कुठेतरी. एवढंच. ज्या जागेवर मडकी जाळली त्याच जागेवर आज मला सांगतात, मडकं मोठं आहे.

आणि सांगतं कोण? ती बघा, काउंटरवर, निळा स्कार्फ — पूर्वी. आमच्याच गावची, माझ्या चुलत भावाची मुलगी. स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणून उन्हात बसलो होतो आम्ही, घसा बसला माझा. दिल्या नोकऱ्या. पहिलं काम काय केलं तिनं? मलाच थांबवलं. काका, साच्यात घालून दाखवा. म्हटलं, अगं पूर्वी, आपलं मडकं आहे. म्हणाली, आपलं आहे म्हणून तर सांगते काका, वरच्या कप्प्यात कोंबलं तर फुटेल. बोलायला शिकवलंय चांगलं. युनिफॉर्ममध्ये काका म्हटलं की माणसाला ओरडताही येत नाही.

आता खाली सामानात टाकलं तर काय होईल? तुम्हीच सांगा. वर कुणाची तरी सुटकेस पडणार, आणि नांदेडला मला खापऱ्या मिळणार. आणि खापऱ्या घेऊन गोदूकडे जाता येत नाही. गोदू माझी बहीण. धाकटी. मी थोरला, मधला बाळू, मग ती. तिचा नवरा पाटबंधारे खात्यात, इथे जवळच आपट्याला होता नोकरीला, तेव्हा लग्न जमलं, मग ते निवृत्त होऊन आपल्या गावाकडे, नांदेडला. तिनं सांगितलंय — आयचं मडकं धड आण, मंग बोलू. बास. एवढीच अट. साडी नको, सोनं नको. आम्ही दोघं भाऊ हसलो, खरं सांगतो. बाळू म्हणाला, बघ, मडक्यात मिटलं.

काय मिटलं म्हणजे — तसं काही नाही हो. सहीचं. जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळाला ना आम्हाला, तो आयच्या नावावर. आय गेली, आता आम्ही तिघं वारस. बिल्डर तयार आहे, पण तो म्हणतो, तिघांची नावं नकोत, दोघांचीच हवीत, बहिणीचं हक्कसोडपत्र करून आणा. सोमवारी रजिस्ट्रारकडे वेळ घेतलीय. म्हणून तर विमान! नाहीतर गाडीनं गेलो असतो निवांत. आज जायचं, उद्या तिला घेऊन यायचं, सोमवारी सही. रीत आहे ही, ताई. आमच्याकडे बहिणी करतात सही. भाऊ साडी-चोळी करतो, दिवाळीला बोलावतो, माहेर चालू राहतं. हिस्सा मागितला की माहेर तुटतं. मी तिला फोनवर हेच म्हटलं, गोड आवाजात, गोदू, माहेर हवंय का हिस्सा? तर म्हणते कशी — कुठलं माहेर रं दादा? ते तर धावपट्टीखाली गेलं.

जीभ बघा. आयचीच जीभ.

पण मी काही कमी करत नाही. परतीच्या विमानाची दोन तिकिटं काढलीत, एक माझं, एक तिचं, शेजारी-शेजारी. आणि परत जाण्याचं? कुणाचं? तिचं. अं — ते काय, ते बघू. बस आहेत. रेल्वे आहे. सही झाली की घाई कसली.

तुम्हाला भाऊ आहेत? दोन. आणि तुम्ही केली सही? बघा! मी म्हटलं ना, रीत आहे. शहाण्या बायका करतात. मग? दिवाळीला बोलावतात ना? — बरं. पहिल्या वर्षी. — बरं, बरं, मुलांच्या परीक्षा असतात, लोकांना वेळ नसतो, तसं काही मनात नसतं. सगळे भाऊ सारखे नसतात ताई. मी बोलावणार. टू-बीएचके आहे, हॉलमध्ये झोपेल.

काय लिहितोय? डायरी ही. रोज लिहितो. दहावीनंतर शाळा सुटली तेव्हापासून. तारीख, हवा आणि शेवटी काय झालं ते. मधलं लिहीत नाही. मधलं सगळं बोलून जातं माझं, आत्ता जातंय तसं. सकाळी तारीख आणि हवा लिहून ठेवतो, खाली जागा सोडतो.

बघायचंय मडकं? दाखवतो की. सावकाश... ही चेन अर्धीच लागते. हे बघा. काळं कसं झालंय, हा रंग विकत मिळत नाही, किती थंड्यांचा धूर आहे त्यात. घ्या हातात. नाही, असं धरा, तोंडाशी धरा. उलटं नका करू. उलटं नका — ते, काही नाही, गेरू आहे. बुडाला गेरू फासलाय जरा, हाताला लागेल. हो, सिमेंटच आहे ते खाली. नखानं खरवडू नका ना! भोक होतं. आय असताना नव्हतं. रमानं पाडलं, ड्रिलनं. बाल्कनीत कोरफड लावली होती त्यात, पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून. आता मडकं घरात नुसतं पडलेलं, पोपटी लावायची कुठे, सोसायटीच्या गच्चीवर? एकदा लावली होती, सेक्रेटरीनं अग्निशमन दलाला फोन केला. मग लावली कोरफड. चांगली आली होती. परवा उपटली, मडकं घासलं, भोक बुजवलं, वरून गेरू. काय वाईट केलं? धड दिसतंय ना? दिसतंय. तिला काय कळणार आहे. ती आत बघेल. आत शेंगा आहेत, पाला आहे, वास तोच आहे.

तुम्ही काय म्हणालात? ... हो. उलटंच ठेवतात. बूड वर. मीच सांगितलं आत्ता तुम्हाला. हो.

बायका तुम्ही, बरोबर नको तिथे नजर जाते.

आली बघा पूर्वी. काय गं, झाली का वेळ? — टॅग? म्हणजे खालीच ना? — हे बघ पूर्वी, मी तुझा काका — बरं, माहीत आहे, सगळ्यांना तोच नियम. — तू? तू स्वतः नेणार? विमानापर्यंत गाडीत मांडीवर घेऊन, आणि सगळ्यात शेवटी बाकीच्या सामानावर ठेवायला सांगणार? उतरल्यावर शिडीपाशीच देतील? — हे आधी नाही सांगता आलं? मी सकाळपासून दोन शर्टात... — हो, आजीचंच. तुझ्या लहानपणी तू पण खाल्लीस त्यातली. — काय? कोणी सांगितलं तुला? गोदूआत्यानं? फोन असतात तुमचे? — सहीचं तुला काय करायचंय? तू बॅगा बघ. — मग आणतोय तिला, तर? ती स्वतः म्हणालीय, मडकं आण. — हो, मंग बोलू म्हणाली. मंग बोलू म्हणजे काय? सहीच ना? दुसरं काय बोलायचं असतं?

गेली. कशी धरून चाललीय बघा, पोर असल्यासारखी. बूड वर करून.

उठा ताई, रांग लागली. नाही, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. आणि त्या शेंगा राहू द्या इथे, नसतील न्यायच्या तर. नाही, आता नाही बोलायचं मला. जा.

मडकं न फुटता पोचलं. गोदूने ते अंगणात उलटं ठेवलं, बुडावर पाण्याचा हात फिरवला, गेरू निघाला. पोपटी पेटवली नाही. मडकं ठेवून घेतलं. रविवारी परतीच्या विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती.