चिठ्ठीत न निघालेलं नाव

दवाखान्याच्या बाकावर चाचणीतल्या नव्या औषधाच्या पहिल्या डोसची वाट बघत बसलेल्या शिवणकामवाल्या मावशींच्या कानावर मागच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं.

"म्हातारपण लांबणीवर टाकणारं हे औषध माझ्या लेकीनं शोधलंय."

"मग काय, तुम्ही शंभरी सहज गाठणार!"

"कसली शंभरी! चाचणीसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात माझं नाव निघालंच नाही."

"अहो, लेकीच्याच हातात आहे ना सगळं? बापाला हळूच आत घ्यायचं."

"तिची आईही तेच म्हणाली."

"मग?"

"रडली पोरगी. म्हणाली, बाबा, दुसऱ्याच्या वाट्याचं आयुष्य तुम्हाला कसं देऊ?"

"मग आज इथं कशाला आलात?"

"विचारेल त्याला सांगायला, की ती माझी लेक आहे."

"मी तर विचारलंच नव्हतं!"

"न विचारणाऱ्यालाही सांगतो."